मोरीपासून किती पावलं

कोंडीराम दूध घालतो. दूध त्याचं नाही, घालायचं काम त्याचं. डोंगरावरच्या सात वस्त्यांवरून दूध गोळा करायचं, घाट उतरून वाडीत यायचं आणि पुढं ईट गावच्या डेअरीवर पोचवायचं. जुनी एम-एटी गाडी, दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन. पहाटे साडेचारला निघतो, साडेसहाला डेअरीचा काटा बंद होतो. सव्वीस वर्षांत त्याचे खाडे नऊ, असं तो म्हणतो. त्यात एक स्वतःच्या लग्नाचा. हे मी त्याच्या बायकोकडून, सारजाबाईकडून तपासून घेतलं. ती म्हणाली, लग्नाच्या दिवशीही हा डेअरीवर जाऊनच बोहल्यावर उभा राहिला, अंगाला हळदीपेक्षा दुधाचा वास जास्त होता. म्हणजे खाडे आठ.

माणूस बुटका, मान आखूड, बोलणं कमी. खोटं बोलायला जी हुशारी लागते ती त्याच्याकडं नाही, असं वाडीचं मत होतं. ते मत कसं मोडलं ते लिहितो. वाडीचं नाव लिहीत नाही. वाडीवाले वाचत नाहीत, पण त्यांना वाचून दाखवणारे आहेत.

या घाटाच्या रस्त्यावर मी एकतीस वर्षं मैलकुली होतो. खड्डे बुजवायचे, गटारं काढायची, झाडं जगवायची. त्यामुळं रस्त्याबद्दल जे लिहितो ते हातानं केलेलं आहे, ऐकलेलं नाही.

चार वर्षांपूर्वी रस्ता रुंद झाला. त्याआधी दोन्ही बाजूंचे वड वर एकमेकांत गुंतले होते आणि वानरांचा कळप फांद्यांवरूनच अलीकडून पलीकडं जायचा. खाली रस्ता आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. रुंदीकरणात छत्तीस वड पडले. त्यातले सहा मी जगवलेले होते. उन्हाळ्यात एका झाडाला आठवड्याला चार घागरी, विहिरीपासून तीनशे पावलं. यंत्राला एक झाड पाडायला चाळीस मिनिटं लागली. घाटात, रस्त्याखालून पाणी जाणाऱ्या मोरीजवळच्या वळणावर, एका बाजूला एक वड आणि समोर एक चिंच राहिली, कारण ती आखणीच्या बाहेर होती. दोन्हींच्या फांद्यांमध्ये अंतर चव्वेचाळीस फूट. एवढी उडी वानराला जमत नाही. ती खाली उतरून रस्ता ओलांडायला लागली. रस्ता गुळगुळीत, गाड्या सुसाट. पुढचं सांगायला नको.

पहिलं वानर कोंडीरामला एका शनिवारी पहाटे दिसलं. मोठा नर, अंगावर रक्ताचा थेंब नाही, मार आतून लागलेला. मारुतीच्या जातीचं जनावर कुत्र्यांच्या तोंडी सोडून जायचं त्याला पटेना. पण भरलेल्या कॅनची गाडी उतारावर उभी राहत नाही. घाटात सपाट जागा एकच, मोरीच्या कठड्यापाशी. तो तिथवर गेला, गाडी लावली, चालत वर आला, वानर खांद्यावर घेतलं आणि मोरीपर्यंत आणलं. दोन कॅनच्या मधे आडवं बांधलं. वाडीच्या तोंडाशी मारुतीचं देऊळ आहे. पायरीवर वानर ठेवलं. तोंड देवाकडं केलं, कारण उलटं ठेवलं असतं तर पाय देवाकडं झाले असते. सांगायला कुणाला उठवत बसला असता तर काटा बंद झाला असता. तो ईटला गेला.

सहा वाजता योगीराज देवळात आला. योगीराज म्हणजे देवस्थान कमिटीचा अध्यक्ष. पत्र्यांचं आणि पाइपांचं दुकान आहे, आवाज चांगला आहे, आणि दोन्हींचा उपयोग तो देवासाठी करतो. शनिवार, पायरीवर वानर, अंगावर ओरखडा नाही, तोंड मूर्तीकडं. साडेसहाला स्पीकरवरून जाहीर झालं की मारुतीच्या पायाशी वानरानं देह ठेवला. कोंडीराम आठला परत आला तेव्हा टाळ-पखवाज सुरू होते, गुलाल उडत होता आणि देवळामागं खड्डा निम्मा झाला होता.

सांगू, असं त्यानं ठरवलं. आधी वाटलं मिरवणूक होऊ दे. मग वाटलं दहावा होऊ दे. दहाव्याला एकवीस जणांनी डोकी भादरून घेतली. त्या दिवशी त्यानं सारजाबाईला खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, "आता बोललात तर ती एकवीस जणं आपल्या दारात येतील, केस मागायला." तेराव्याला दोन कढया गव्हाची खीर झाली आणि कोंडीरामनं तीन वाट्या खाल्ल्या. खीर खाल्ल्यावर सांगणं आणखी अवघड झालं. शिवाय मेलेलं जंगली जनावर उचलणं हा गुन्हा आहे, असं त्याला कुणीतरी सांगून ठेवलं होतं.

तीन वर्षांत अकरा वानरं झाली. प्रत्येक वेळी त्यानं तेच केलं. वाडीच्या मारुतीचं नाव झालं. लांबलांबून जीपगाड्या येऊ लागल्या. वानरांचा मान मात्र उतरत गेला. दुसऱ्याला भादरलेली डोकी नऊ, पाचव्याला दोन, आठव्याला फक्त न्हावी आला आणि बसून परत गेला. अकराव्याला एक हार आणि पाच माणसं, त्यातला एक वाट चुकलेला.

वनखात्याचा गार्ड रामहरी प्रत्येक वेळी दुपारी यायचा. गाव जनावराला हात लावू देत नसे, म्हणून तो पायरीवर उभा राहून मोबाइलनं फोटो काढायचा आणि कागद करायचा. कुठं मेलं? देवळात. कशानं? गावकरी हात जोडायचे. रामहरी त्याला नैसर्गिक म्हणायचा. फोटोबरोबर जागा कुठली ते मोबाइल आपोआप लिहितो. अकरा फोटो, अकरा जागा. रामहरीनं काही खोटं केलं नाही. तो जिथं उभा होता तीच जागा कागदावर गेली.

गेल्या हिवाळ्यात करिश्मा आली. लातूरची मुलगी, विद्यापीठात वानरांवर अभ्यास करते. जिल्ह्यात वानरांचे कळप कुठं कुठं आहेत आणि कुठं मरतात याचा नकाशा करायचं काम तिच्याकडं होतं. तिच्याजवळ एक पूल होता. म्हणजे दोरखंडाचा, शिडीसारखा, झाडावरून झाडाला बांधायचा, वानरांना वरून जाण्यासाठी. सगळ्या जिल्ह्यासाठी एकच मंजूर झाला होता. जिथं सगळ्यात जास्त वानरं मरतात तिथं बांधायचा, आणि नकाशाप्रमाणं ती जागा म्हणजे आमच्या मारुतीची पायरी.

शाळेच्या व्हरांड्यात बसून तिनं मला आणि कोंडीरामला लॅपटॉपवर नकाशा दाखवला. एक एक ठिपका म्हणजे कुणीतरी मोबाइलवरून कळवलेलं वानर, जिवंत किंवा मेलेलं. तेरच्या बसस्टँडवर चाळीस ठिपके होते. मी म्हटलं, एवढी वानरं कुठं जायला निघाली? ती म्हणाली, लोक फोटो रानात काढतात, पण रेंज बसस्टँडवर आल्यावर मिळते. फोटो तिथून पाठवला की अ‍ॅप तीच जागा धरतं. एका तलावाच्या मध्यावर सहा ठिपके होते. कळवणाऱ्यानं नुसतं गावाचं नाव लिहिलं, आणि संगणकानं शिवाराचा मध्य काढला तर तो पाण्यात आला. एकानं अक्षांशाच्या जागी रेखांश लिहिला होता. ते वानर उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात होतं. कोंडीरामनं ते बराच वेळ पाहिलं आणि थंडी किती असते तिथं, एवढंच विचारलं.

मग तिनं आमची वाडी मोठी करून दाखवली. मेलेल्या वानरांचे अकरा ठिपके एका सतरंजीएवढ्या जागेत. ती म्हणाली की बाकीच्या चुका तिला कळतात, ही कळत नाही. ठिपके विखुरलेले असले की तिला बरं वाटतं. इतके नेमके असले की झोप येत नाही. वानर देवळात मरतं हे मान्य केलं तरी दरवेळी त्याच पायरीवर कसं मरेल? कोंडीराम उठला आणि म्हशीला पाणी दाखवायचंय म्हणून गेला. त्याच्याकडं म्हैस नाही.

पोरीनं आळस केला नाही. चार दिवस ती देवळापासून घाटमाथ्यापर्यंत चालली, जाऊन येऊन दिवसाला बावीस किलोमीटर, वहीत नोंद करत. पण त्या आठवड्यात कळप पलीकडच्या हरभऱ्यात उतरला होता. हरभरा संपल्याशिवाय तो रस्ता ओलांडणार नव्हता. वळणावर तिला एकही वानर दिसलं नाही. देवळावर मात्र रोज आठ-दहा बसलेली, लोकांनी दिलेलं खोबरं खात. नकाशा आणि डोळे दोन्ही देवळाकडंच बोट दाखवत होते. शनिवारी पूल बांधणारी माणसं यायची होती.

गुरुवारी दुपारी मारुतीच्या मंडपात बैठक झाली. योगीराजची तयारी पूर्ण होती. पूल देवळाच्या पिंपळापासून पाण्याच्या टाकीपर्यंत जाणार होता. खाली पाटी, पाटीला दिवे. वानर पुलावरून आलं की कळसावर उतरलं पाहिजे, अशी त्याची सूचना होती. कळसावर कसं उतरवणार, असं रामहरीनं विचारलं तर म्हणाला ते खात्यानं बघावं.

करिश्मा म्हणाली, तिला एकच गोष्ट विचारायची आहे. पूल एकच आहे. इथं बांधला आणि वानरं दुसरीकडं मरत असली, तर ती मरत राहतील आणि तिच्या नकाशावर पूल बरोबर जागी दिसत राहील. मग तिनं सगळ्यांकडं पाहून विचारलं, "ही वानरं इथं पडली होती, की कुणी आणून ठेवली होती?"

कोंडीराम चहाचं दूध घेऊन आला होता. पातेलं हातात तसंच होतं. तो म्हणाला, "ठिवली हुती."

योगीराजनं मान वळवली. "कुणी?"

"म्या."

"किती?"

"समदी."

चहा उकळून गॅसवर सांडला, योगीराजनं आधी गॅस बंद केला. मग तो म्हणाला, "मग तीन वरसं आमी तेरावं कुणाचं घातलं रं?"

"वानराचंच की," कोंडीराम म्हणाला. "मेल्यालं तर हुतंच ते."

मग त्यानं सगळं सांगितलं. त्याचं सव्वीस वर्षांतलं बोलणं एकत्र केलं तरी एवढं भरणार नाही. कुणी देवाची विटंबना म्हणालं, कुणी खिरीचं नाव काढलं. भादरलेल्या एकवीसपैकी सहा जण हजर होते आणि त्यांचे हात आपोआप डोक्याकडं गेले. रामहरी म्हणाला की त्यानं हे ऐकलं नाही, आणि ऐकलं असलं तरी रस्त्यातून जनावर बाजूला करणाऱ्या माणसाला कुठलं कलम लागतं ते त्याला शोधावं लागेल, आणि शोधायला त्याला वेळ नाही.

योगीराज मात्र मुद्द्यावर आला. दुकानदार माणूस, माल तपासूनच घेतो. "बरं, रस्त्यात मेली. रस्ता अकरा किलोमीटर हाय. तीन वर्सांखाली, अंधारात, कुठं काय पडलं हुतं ते तुला पावलानिशी याद हाय व्हय?"

"पावलानिशीच याद हाय."

"कामून?"

"वजं हुतं." कोंडीरामनं पातेलं खाली ठेवलं. "गाडी मोरीपाशीच हुबी ऱ्हाती, भाऊ. तितवर खांद्यावर आणायचं. रिकामा मानूस पावलं मोजतो का? सोळा किलोचं मढं घिऊन चाललं की मोजतो. कवा येतीय मोरी, कवा येतीय. पयल्याला एकशेबारा लागली. दुसऱ्याला चौऱ्याण्णव."

हे मला लगेच पटलं. तीनशे पावलं घागर वाहिलेल्या माणसाला विहीर किती लांब आहे ते विसरता येत नाही. करिश्मा मात्र वहीत लिहिता लिहिता थांबली. आठवणीवर ठिपका हलवता येणार नाही, मोजून दाखवावं लागेल, असं म्हणाली. कोंडीराम म्हणाला, उद्या दाखवतो, पण वजन लागेल. नुसतं चाललो तर पाऊल लांब पडतं.

शुक्रवारी डेअरीवरून आल्यावर आम्ही घाटात गेलो. दोन पोती भरून घेतली, काट्यावर तोलून. एकात सोळा किलो ज्वारी, हा नर. दुसऱ्यात अकरा किलो, ही मादी. योगीराजही आला, चोर पकडायला. त्यानं पोती हातानं उचलून पाहिली. मी टेप धरला. कोंडीराम मोरीच्या कठड्यापाशी उभा राहायचा, खांद्यावर नर नाहीतर मादी घ्यायचा, आकडा सांगायचा आणि चालायला लागायचा. आकडा संपला की थांबायचा. करिश्मा तिथं जागेचे अक्षांश-रेखांश दाखवणारं यंत्र धरून उभी राहायची, यंत्राचा आकडा स्थिर होईपर्यंत. मी चुन्यानं खूण करायचो. आता तो ओझं घेऊन चढतोय आणि तेव्हा उतरत होता हे त्याच्याच लक्षात आलं. चार खुणा पुसल्या. मग प्रत्येक वेळी तो आधी रिकामा वर जायचा आणि अंदाजी जागेवरून ओझं घेऊन खाली मोरीकडं यायचा. आकडा जुळला नाही तर परत वर. सकाळभरात तो ओझं घेऊन एकोणीस वेळा उतरला. सत्तावन्न वर्षांचा माणूस. योगीराज सावलीत बसून होता आणि त्याला घाम आला होता.

तिसऱ्या वानराला योगीराजनं हरकत घेतली, पुन्हा मोज म्हणाला. पुन्हा मोजलं. दोन पावलांचा फरक आला, टेपवर साडेचार फूट. योगीराजचा चेहरा उजळला. करिश्मानं दोन्ही आकडे लिहिले आणि म्हणाली, एवढा फरक चालतो, तो किती आहे हे माहीत असलं म्हणजे झालं. देवळाच्या ठिपक्यांत फरक शून्य होता आणि चूक तीन किलोमीटरची होती.

दहा झाल्यावर तिनं अकरावं विचारलं. कोंडीराम म्हणाला, ते सांगता येणार नाही.

"का हो मामा?"

"पिल्लू हुतं ते. एका हातात आलं. पावलं मोजली न्हाईत."

अंदाजानं सांगा, असं योगीराज म्हणाला. इतकं झालंय तर एकासाठी कशाला अडून बसायचं. कोंडीराम म्हणाला, अंदाजानंच ध्रुवावर गेलं होतं ते एक. करिश्मानं त्या रकान्यात 'जागा माहीत नाही' असं लिहिलं. माझ्या मते दिवसभरातली सगळ्यात खरी नोंद तीच होती.

दहातल्या आठ खुणा वड आणि चिंच यांच्या आसपास साठ पावलांत आल्या. दोन त्यांच्या खाली, मोरीच्या अलीकडं, बस थांबते तिथं. पांढरे ठिपके रस्त्यावर दिसत होते आणि आणखी काही बोलायची गरज नव्हती. योगीराज ते बघत उभा राहिला. मग त्यानं विचारलं की पुलाला पाटी तरी लावता येईल का.

शनिवारी पूल वळणावर चढला. नकाशावर करिश्मानं दहा ठिपके देवळातून उचलून घाटात ठेवले आणि अकराव्यापुढं लिहिलं, जनावर इथं आणलं गेलं होतं.

वाडीनं कोंडीरामला सोडलं नाही. गावातली तीन घरं त्याच्याकडून रतीब घ्यायची, ती तुटली. जीपगाड्या थांबल्या. आणि वाईट म्हणजे वानरं पुलाकडं बघेनात. पूल निळ्या नायलॉनचा, नवाकोरा, उन्हात चमकायचा. हरभरा संपल्यावर कळप आला, वडावर बसला, पुलाकडं पाहिलं आणि खाली उतरून रस्त्यानं पार गेला. सतरा दिवस हेच. योगीराज रोज विचारायचा, "काय कोंडीराम, लागली का रांग?" अठराव्या दिवशी एक मादी टेम्पोखाली आली. तिला त्यानं मोरीपर्यंत आणलं. अडुसष्ट पावलं. या वेळी त्यानं देवळात ठेवलं नाही, तिथूनच रामहरीला फोन केला आणि तो येईपर्यंत बसून राहिला. काटा बंद झाला. खाडा नववा.

त्यानंतर त्यानं करिश्माला फोन लावून विचारलं, पुलावर शेंगा बांधू का? ती नको म्हणाली. शेंगांसाठी आलेलं वानर वाटेसाठी आलंय असं लिहिता येत नाही. मग पोती बांधू का, असं त्यानं विचारलं. ती हो म्हणाली. एक टोक सोडून पूल खाली घेतला, रामहरीनं गाड्या थांबवल्या. कोंडीरामनं दाभण आणि सुतळी घेऊन जुनी तागाची पोती पुलाला शिवली. नऊ पोती, दोन दुपारी, दाभण तीनदा बोटात. पूल परत वर ओढायला मी, रामहरी आणि दोन ट्रॅक्टरवाले लागलो. आता तो पुलासारखा दिसत नव्हता, वाळलेल्या पारंबीसारखा दिसत होता.

सहाव्या दिवशी एक म्हातारी मादी चढली. मध्यावर बसली, खाजवलं, पलीकडं गेली. तिच्यामागून एकेक करत अठरा. कोंडीरामनं गाडीवर बसल्या बसल्या मोजली. मी विचारलं, नक्की अठरा? तो म्हणाला, दोन पिल्लं पोटाला होती, ती धरलीत.

एक थोराड नर मात्र पुलावर चढत नाही. बाकी कळप वरून जातो आणि हा खाली उतरून, पांढऱ्या पट्ट्यावर बसून, आधी दोन्ही बाजूंना बघतो, मग सावकाश पार होतो. कोंडीराम रोज पहाटे मोरीपाशी गाडी लावतो आणि रस्त्यात हात आडवा करून उभा राहतो. ट्रकवाले शिव्या देतात. नर घाई करत नाही. डेअरीवर दूध दहा मिनिटं उशिरा पोचायला लागलं आणि वस्त्यांवरचे लोक त्याबद्दल कोंडीरामला बोलले. तो म्हणाला, साडेचारच्या जागी सव्वाचारला निघतो. आता तसा निघतोही.